माणूस फ्री हाय!

आमच्या अमरावतीच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. लग्नाला चारच महिने झालेत, मी कोपऱ्यात बसून नुसती ऐकते. तरी किस्से इतके साचलेत की कपबशा धुताना एकटीच हसते. या महिन्याचा विषय होता: सगळं देव ठरवतो, की माणसाला स्वतंत्र इच्छा आहे? आणि नेमकं तेव्हाच माझं अकोल्याच्या शाळेतलं नोकरीचं पत्र, बाबांच्या 'हो'ची वाट बघत, बायबलमध्ये पडून होतं.

बाबा म्हणजे सासरे, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. स्वतंत्र इच्छेचे कट्टर वकील! "देवानं आदामले झाड दाखवलं, पण हात नाही बांधले. माणूस फ्री हाय!"

आई, म्हणजे सासूबाई, उलट. त्यांच्या मते कुकरची शिट्टीसुद्धा वरून ठरलेली.

*

बाबांना शुगर. एकदा लाडवांचा डबा शोधताना आईंच्या तावडीत सापडले.

"मी आज लाडू शोधीन हे देवाले आधीच माहीत होतं ना? मंग माहा काय गुन्हा?"

"माहीत होतं. म्हणूनच त्यानं मले डबा लपवायले सांगतला!"

*

पास्टर समजावत होते, "देवाला माहीत असणं म्हणजे देवानं करायला लावणं नव्हे. टाइमटेबलात लिहिलंय म्हणून मोर्शीची बस सहाला सुटते का?"

बाबा म्हणाले, "लिहूनही सुटत नाही, पास्टर. खरी स्वतंत्र इच्छा तिलेच हाय!"

*

मी नवऱ्याला विचारलं, "मला तू निवडलंस, की देवानं?"

"देवानं दाखवली, मी हो म्हटलं."

"आणि पस्तावलास तर?"

"लग्नाच्या रजिस्टरवर सही माहीच हाय!"

*

शेवटी गुरुवारी रुजू व्हायची वेळ आली. आदल्या दिवशीच्या सभेत पत्र निघालं. बाबा गंभीर झाले. "रोज अकोल्याले अप-डाउन? याच्यात आपली मर्जी नाही चालत, सूनबाई. देवाची इच्छा पाहा लागते."

पास्टरांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची काय इच्छा आहे?"

"जायचंय."

चार महिन्यांतला सभेतला माझा पहिला शब्द!

बाबा म्हणाले, "देवाले विचारू."

प्रार्थना आईंनी घेतली. "प्रभू, पोरीनं जावं की राहावं, तूच दाखव." चांगली दहा मिनिटं. आमेन झालं, तशा त्या आत गेल्या आणि कोराकरकरीत स्टीलचा जेवणाचा डबा आणून माझ्या हातात दिला. झाकणावर नाव कोरलेलं: 'सौ. रूथ, टीचर'.

बाबांनी झाकणावरून बोट फिरवलं. "आमेन तं आत्ता झालं. हे नाव कवा कोरलं?"

"शनवारी."

"मंग प्रार्थना काहून केली?"

"देवाले माहीतच होतं. तुमाले माहीत व्हावं म्हणून!"