भात्यावरचा हात

तापीकाठच्या आमच्या गावात बायांच्या भजनी मंडळाची पेटी सुंदरबाई वाजवायची. नवी नवरी होती तेव्हा सासऱ्यांनी शिकवली, तेव्हापासून उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मागं भात्यावर. टाळ धरणाऱ्या लताबाई, मंडळात सगळ्यांत वडील, तिला चिडवायच्या, "सुंदर, तुना डावा हात फुकटनी भाकर खास." सूर वाजवणार उजवा आणि डावा नुसता फुकट खाणारा, म्हणून बाया हसायच्या. डावा हात आपला वारा देत राहायचा.

चैत्रात गुरांसाठी कडबा कापताना कुट्टी मशीननं सुंदरबाईचा उजवा हात आत ओढून घेतला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली, ओसाड शेताच्या बांधावर दोन झाडं राहावीत तशी. धुळ्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं लेकीला, दिपमालाला, एवढंच विचारलं, "कोनता हात?"

दिपमालानं खाली पाहिलं. तेव्हापासून तो हात पदराखाली गेला. पट्टी निघाली, जखम भरली, तरी तो बाहेर आला नाही. सुंदरबाई स्वतःही त्याच्याकडे बघत नसे.

धुळ्यातच देवपुरात लेकीकडे ती राहिली असताना लताबाईंचा फोन आला. "श्रावणमा कानबाई देवीना सण शे. पोरी म्हणतस, यंदा गाना मोबाइलवर लाऊत. तू काय म्हणस?"

सुंदरबाईनं फोन लेकीच्या हाती दिला. मंडळ गाईल आणि आपण भिंतीला टेकून बसू. टाळ्याही वाजवता येणार नाहीत. हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

जावई हितेंद्रनं हौसेनं विजेवरचा पियानो आणला होता. कामावरून आला की मोबाइल समोर ठेवून एकच ओळ शिकत बसायचा, आणि रोज त्याच जागी अडखळायचा. एका संध्याकाळी तो चहाला उठला तशी सुंदरबाई त्या स्टुलावर टेकली. दोन काळ्या, तीन काळ्या, मध्ये पांढऱ्या. आपल्या पेटीसारख्याच की या. तिनं डाव्या हाताच्या बोटानं एक पट्टी दाबली.

सूर आला, आणि विस्तवाला लागावा तसा तिनं हात मागं घेतला. वारा कुणी दिला नव्हता.

"जवाईबापू, इले भाता कोठे शे?"

"भाता नाही मामी. वीज आहे."

"मंग इना श्वास?"

"तिला लागत नाही."

बिनश्वासाचा सूर तिनं पहिल्यांदा ऐकला होता. पण खरा धक्का पुढंच होता. कानबाईचं गाणं मनात धरून तिनं डावा हात पट्ट्यांवर ठेवला, तर तो पुढं-मागं, पुढं-मागं हलू लागला. नसलेला भाता हलवू लागला. ती बघतच राहिली. याच हातानं भाकरी थापल्या, लेकरं थोपटली, सारा जन्म सुरांच्या पाठीशी बसून वारा दिला, आणि त्याला एकही सूर ठाऊक नव्हता. घरात इतकी वर्षं राहिलेला माणूस मुका निघावा, तसं तिला झालं.

मग सासू-जावई रोज शेजारी शिकू लागले. 'सा' आता करंगळीवर आला होता, आणि करंगळी नवख्या वासरासारखी पाय दुमडून बसायची.

"माझं बघा मामी," हितेंद्र म्हणायचा, "मी दोन्ही हातांनी चुकतो. तुमचं नुकसान निम्मंच."

आषाढ सरता सरता डाव्या हाताला गाणं आलं. लंगडत, पण पुरतं.

कानबाईच्या रविवारी ती एसटीनं गावी उतरली ती थेट मंडपात. नारळाची कानबाई नथ घालून बसली होती. पोरींनी स्पीकर मांडून ठेवला होता, त्याच्या बाजूला लताबाईंनी सांभाळलेली पेटी. सुंदरबाई पेटीपुढं बसली. डावा हात पट्ट्यांवर ठेवला. तिनं दाबलं.

काहीच वाजलं नाही.

पुन्हा दाबलं. लाकूड नुसतं टकटकलं. धुळ्यात इतके दिवस गाणं बसवलं, आणि या पेटीला वारा लागतो हेच ती विसरली होती. एका पोरीचा हात हळूच स्पीकरकडे गेला.

"थांब व," लताबाई तिला म्हणाल्या. त्या पेटीमागं वाकल्या. भात्याची डावी कडी सगळ्यांच्या ओळखीची. उजवी आजवर कुणी उघडलीच नव्हती. गंजली होती. लताबाईंनी टाळाच्या कडेनं ठोकून ती सोडवली, भाता उजवीकडून उघडा केला आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

सुंदरबाई त्या उघड्या भात्याकडे बघत राहिली. मग पदर हलला. दोन बोटांचा तो हात साऱ्या मंडळासमोर बाहेर आला. कुणीतरी श्वास ओढून घेतला. अंगठ्यानं काठ धरला, तळव्यानं रेटा दिला. पेटीत वारा भरला आणि कानबाईचं गाणं लंगडत मंडपात उभं राहिलं.

सुंदरबाईनं स्वतःही तेव्हाच तो हात धडपणे पाहिला. दुखत होता, पण तालात होता.

लताबाईंनी टाळ उचलले.

"सुंदर," त्या म्हणाल्या, "आते तुना उजवा हात फुकटनी भाकर खाई."