तिच्या बेरी, माझे लाडू

मेलबर्नच्या लॉकडाऊनमध्ये आम्हा दोघींना एकाच आठवड्यात डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, प्रीडायबिटीस आहे, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, सांभाळा. दोघी म्हणजे मी आणि वेरिबी या उपनगरात माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी माझी मैत्रीण, तीही पुण्याचीच. भात कमी करा, चाला, गोड खावंसं वाटलं तर बेरी खा, असं डाएटिशियनचं म्हणणं.

बाईसाहेबांनी ते अगदी तंतोतंत पाळलं. रोज सकाळी ग्रुपवर फोटो: साधं दही, वर ब्लूबेरी. मीही खात होतेच की! फक्त मी स्ट्रॉबेरी श्रीखंडात कालवून खात होते. फळ पोटात गेल्याशी मतलब, असा माझा समज. तीन महिन्यांनी तिची शुगर उतरली, माझी जागची हलली नाही. नवरा म्हणाला, "बघ, ती किती मनापासून करते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्कवरून तिचे नुसते डोळे दिसायचे, तेसुद्धा मेले तजेलदार!

वर तिचा चांगुलपणा. त्यानंतर दर शनिवारी धुतलेल्या बेरींचा स्टीलचा डबा माझ्या दाराशी ठेवायची आणि फाटकापाशी मागे सरून ओरडायची, "अगं, नुसत्या खा हं! श्रीखंड नको!" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

आता डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्यात ठरलेलंच. पहिल्या वेळी मी काकड्या दिल्या, मग कोथिंबीर. तिसऱ्या शनिवारी मात्र बेसन भाजायला घेतलं. साजूक तूप, पिठीसाखर हात सैल सोडून, प्रत्येक लाडवावर बेदाणा. तिचा बेसनाच्या लाडवावर किती जीव आहे, मला पक्कं ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू? माझी उतरावी यापेक्षा तिची चढावी, असंच वाटत होतं. मग दर आठवड्याला लाडूच. इकडे मी हट्टाला पेटून श्रीखंड सोडलं, बेरी नुसत्या चावल्या, रोज संध्याकाळी तासभर चालले.

पुढच्या तपासणीत माझी उतरली. तिची पहिल्यापेक्षाही वर गेली. आता गोळी सुरू करायची, असं डॉक्टर म्हणाले, हे तिनंच मला फोनवर सांगितलं.

मी म्हणाले, "अगं, ते लाडू... मी मुद्दाम..."

"माहितेय गं," ती म्हणाली. "मला काय कळत नाही? पण लॉकडाऊन लागल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लंच नव्हतं. राहवलंच नाही." आणि लगेच, "ते जाऊ दे, तुझी उतरली ना? मला इतकं बरं वाटलं!"

तिला खरंच बरं वाटलं होतं. आवाजावरून कळतं ते. तिच्या जागी मी असते तर मला वाटलं नसतं. फोन ठेवला, आणि मला त्याचाही हेवा वाटला.