भोंगावहिनींचा पडदा

औषधाच्या दुकानातल्या वहिनी पोट पाडायच्या गोळ्या खोकल्याच्या गोळ्यांसारख्या वाटत सुटल्यात, तेही चिठ्ठीशिवाय, अशी बातमी एका सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत सुटली. दुपारच्या चहापर्यंत तिच्यात दोन बायका चक्कर येऊन पडल्यासुद्धा होत्या. बातमीचा उगम निवृत्त मास्तरांच्या ओट्यावर. मास्तर गणिताचे, पण बातमीची बेरीज केली की त्यांचं उत्तर नेहमी थोडं जास्त येतं.

खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. ही गोळी पोट पाडायची नव्हेच. नको तेव्हा काही चूक झाली, तर दिवस जाऊ नयेत म्हणून तीन दिवसांच्या आत घ्यायची ती गोळी. जितकी लवकर तितकी बरी. आधीच राहिलेल्या गर्भाला ती हातसुद्धा लावत नाही. पूर्वी तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागे. डॉक्टर बसणार सोमवार ते शुक्रवार, आणि चुका व्हायच्या नेमक्या शनिवार-रविवारी! महिन्यापूर्वी कायदा बदलला. आता फार्मासिस्टने चार प्रश्न विचारायचे आणि गोळी द्यायची. आणि वाटायचंच म्हणाल, तर त्या महिन्याभरात वहिनींच्या दुकानातून एकही पाकीट गेलेलं नव्हतं. वीस आली, वीसच्या वीस होती.

या गोष्टीचा वहिनींना मास्तरांच्या बातमीपेक्षा मोठा धक्का बसला होता. कारण हा कायदा बदलावा म्हणून त्या स्वतः भांडल्या होत्या. दुकानदारांच्या संघटनेबरोबर मोठ्या शहरात गेल्या, इस्त्रीची साडी नेसून समितीपुढे तीन मिनिटं बोलल्या. "रविवारी आलेल्या बाईला मी 'चिठ्ठी?' म्हणून परत पाठवते आणि रात्रभर माझाच डोळा लागत नाही," असं सांगून आल्या. समितीत माइक बंद पडला होता, पण वहिनींचं काही अडलं नाही. उगीच नाही गल्ली त्यांना भोंगावहिनी म्हणत.

हा आवाज त्यांना जन्मतः नव्हता, तो दुकानाने दिला. दुकान पुढे, औषधांची खोली मागे, आणि मागे शिडीवर त्यांचे यजमान. सगळे त्यांना दादा म्हणतात. तरुणपणी कापडाच्या गिरणीत काम केल्याने दादांचे कान अधू. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी घाईत एका म्हाताऱ्याला भलतीच बाटली गेली. म्हातारा नुसता दोन दिवस झोपून राहिला आणि उठून म्हणाला, छान झोप लागली. पण वहिनींनी त्या दिवशी नेम केला. औषधाचं नाव पुढून त्यांनी खणखणीत सांगायचं, दादांनी मागून तितक्याच खणखणीत परत म्हणायचं, मगच डबा पुढे. त्यानंतर तेवीस वर्षांत एक चूक नाही. आणि तेवीस वर्षांत गल्लीत कुणाला काय झालंय हे कुणाला विचारावं लागलं नाही.

"महिना झाला, एकही कशी येत नाही?" सोमवारी संध्याकाळी वहिनी दादांना म्हणाल्या. म्हणजे समोरच्या लाँड्रीपर्यंत सगळ्यांनाच म्हणाल्या. "गरज नाही असं होईल का?"

"लोक सुधारले असतील," दादा शिडीवरून म्हणाले.

"आपल्या गल्लीतले?" वहिनींनी विचारलं. दादा पुन्हा डबे लावायला लागले.

मंगळवारी सकाळी वहिनी शटर वर करत होत्या. जिन्यावरून त्यांची धाकटी जाऊ उतरली. जाऊ दुकानाच्या बरोब्बर वर राहते. बसमध्ये कंडक्टर आहे, नवरा ट्रकवर. तो पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. आज ती खाकी कपड्यांत नव्हती. साधी साडी, खांद्याला पर्स, आणि पाय न वाजवता उतरत होती.

"ड्युटी नाही का गं?"

"रजा टाकलीय, जाऊबाई."

"मग कुठे निघालीस?"

"शहरात. औषध आणायला."

वहिनींच्या हातातलं शटर अर्ध्यावर थांबलं. "औषध? अगं, औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर राहतेस आणि औषध आणायला दोन तास बसने जातेस? काखेत कळसा आणि गावाला वळसा! कसलं औषध?"

जाऊने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या ओट्याकडे. मग वाकून अर्ध्या शटरखालून दुकानात शिरली आणि वहिनींना पदराला धरून आत ओढलं.

"तुमच्याकडे खोक्यात पडून आहे ना, तेच," ती म्हणाली. "शनिवारी हे आले होते. निरोध फाटला."

जाऊच्या दुसऱ्या बाळंतपणात रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी बाहेर येऊन दोघांपैकी एकाचंच सांगता येईल, असं म्हटलं होतं. दोघं वाचली. पण घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका, दर वेळी नशीब साथ देत नाही. ते ऐकायला वहिनीच तर शेजारी उभ्या होत्या.

"शनिवारी? आज मंगळवार! मग रविवारी का नाही आलीस?"

"आले होते."

"कधी? मला दिसली नाहीस ती?"

"दिसायच्या आत फिरले. माझ्यापुढे शिंपीमामा होते. तुम्ही ओरडलात, 'मूळव्याधीचं मलम!' भाऊजी आतून ओरडले, 'मूळव्याधीचं मलम, मोठं की लहान?' लाँड्रीवाला हसला. शिंपीमामांनी मान अशी खाली घातली, जणू बटण शोधताहेत. मी म्हटलं, आता माझी पाळी. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, शिडीवरून माझ्या गोळीचं नाव गल्लीला ओरडून सांगणार. मास्तर ओट्यावर होतेच." तिने डोळे पुसले. "सोमवारी रजा मिळेना, आज मिळाली. रागावू नका. तुमच्या दुकानातून कुणी गोळी का नेईल, जाऊबाई? चिठ्ठी गेली हो, पण भोंगा तसाच आहे की."

वहिनी स्टुलावर बसल्या. आजवर त्या आवाजाला कुणी नावं ठेवली नव्हती, त्यांना तर तो दुकानाचा मोठेपणा वाटे. चूक होऊ नये म्हणून काढलेला आवाज! समितीपुढे आपण तीन मिनिटं बोललो, टाळ्या घेतल्या, आणि घरचं माणूस साठ तास जीव मुठीत धरून डोक्यावर येरझाऱ्या घालत होतं. पावलं तर रोज ऐकू येत होती. वाटलं, पोरं खेळताहेत.

त्या बोलायला गेल्या, तर आवाजच फुटेना. भोंग्याचा आवाज बसला, हे आमच्या गल्लीने तोवर कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण शटर अर्धं खाली होतं.

मग त्या उठल्या. दादांना हाक न मारता स्वतः मागे गेल्या, स्वतः खोकं काढलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा औषध एकाच माणसाच्या हातून पुढे येत होतं, म्हणून त्यांनी वरचं नाव दोनदा पाहिलं. पाकीट त्यांनी जाऊपुढे धरलं.

"वाच."

जाऊने हळूच वाचलं. वहिनींनी तितक्याच हळू परत म्हटलं. चार प्रश्न विचारले, तेही कुजबुजत. पेल्यात पाणी दिलं. "उलटी झाली दोन-तीन तासांत, तर लगेच सांग. पाळी आठवडाभर लांबली, तर तपासून घ्यायचं. आणि आज शहरात जायचं नाही, वर जाऊन झोपायचं."

"लागू पडेल ना?"

"उशीर झालाय थोडा," वहिनी म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "पण वेळ गेलेली नाही."

त्याच दुपारी दुकानाच्या कोपऱ्यात, रक्तदाब मोजायच्या यंत्राभोवती, जुन्या चादरीचा पडदा लागला. गोळ्यांचं खोकं मागच्या खोलीतून पडद्याआडच्या खणात आलं. ओरडणं बंद. दादांना आता प्रत्येक औषधाचं नाव पाटीवर लिहून दाखवायचं, ते डबा आणून पाटीशेजारी धरणार. दादांना दुकान एकाएकी इतकं शांत वाटलं, की आपला उरलासुरला कानही गेला म्हणून ते घाबरले होते.

पुढचे बारा दिवस वहिनींचे कान मात्र छताला लागलेले. तेराव्या दिवशी सकाळी जाऊ खाकी कपड्यांत जिना धडधडत उतरली, दारातून तिने नुसत्या ओठांनी 'आली' म्हटलं आणि कंडक्टरची शिट्टी जोरात वाजवून पळाली. वहिनींनी काउंटरचा कोपरा घट्ट धरला. दादांनी पाटीवर लिहिलं, "काय झालं?" वहिनींनी पाटी पुसून टाकली.

आणि गल्लीतल्या बायकांचा रक्तदाब त्या महिन्यापासून भलताच वाढला. कुणी रविवारी मोजून घेई, कुणी सोमवारी पहाटेच. मास्तरांना हे गणित सुटेना. एक दिवस ते छातीत जळजळतंय म्हणून आले, दुकानात सहाजण असताना पडद्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, खरं सांगा, तिथे आत कुणाला काय देता?"

वहिनींनी पडदा बाजूला केला आणि स्टूल पुढे ओढलं.

"तेवीस वर्षं तुम्ही काय नेता ते मी गल्लीला ओरडून सांगितलं, मास्तर. चुकलं माझं. आता तुमचंही कुणाला सांगणार नाही. बसा, बाही वर करा."