साडेतीन अंशांचे काका

जगात सरळ अशी एकही वस्तू नाही, प्रत्येकीला तिचा तिचा कल असतो आणि तो शोधून काढणं हे माणसाचं पहिलं कर्तव्य आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला. तो म्हणजे दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे निवृत्त सुभेदारकाका. गाव साताऱ्याकडचं, पण सारी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी शाळकरी पोरांचा कोनमापक, त्याला ओवलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट. मोबाइलवर कल मोजायचं अ‍ॅप फुकट मिळतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. "जो दिवसभर खिशात उलटा पडलेला असतो, तो मला काय सरळ सांगणार?" म्हणाले.

या दोऱ्यापुढे देवाचीही सुटका नव्हती. गणपतीत गुरुजी हातात अक्षता घेऊन ताटकळलेले आणि काका चौरंगापाशी एक डोळा मिटून बसलेले. "सुभेदारसाहेब, देवाला चालतं हो," गुरुजी काकुळतीला आले. "देवाला चालतं, चौरंगाला नाही चालत," असं म्हणून काकांनी एका पायाखाली पुठ्ठा सरकवला, तेव्हा कुठे प्राणप्रतिष्ठा झाली. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आम्ही थालीपीठ खायला गेलो, की तिथला वयस्कर वेटर पाण्याआधी पुठ्ठा आणून ठेवायचा. "साहब, पहले टेबल ठीक कर लीजिए, फिर ऑर्डर।" आमच्या घरी मात्र त्यांनी उलटंच केलं. बाबांचा फोटो मी भिंतीला अगदी चिकटवून लावला होता. काकांनी त्याची वरची कड बोटभर पुढे झुकवली. काचेवरची ट्यूबलाइटची चमक गेली आणि बाबांचा चेहरा दिसायला लागला. आई बराच वेळ तिथेच उभी राहिली होती.

बाबांच्या मागे राहिली ती त्यांची जुनी जीप. वयामुळे तिला दिल्लीच्या रस्त्यांवर बंदी, म्हणून ती मानेसरच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी, बाबांच्या एका मित्राच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये असायची. दर रविवारी आईबाबा त्या माळावर तासभर फिरत. शेजारच्या सीटवर बसली, की पहिल्या वळणालाच आईला झोप लागे. बाबा गेले, इंजिन जाम झालं आणि आईची झोपही उडाली. रात्रभर ती कूस बदलत राहायची. मी एका मेकॅनिककडून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं आणि मोठ्या हौसेने आईला घेऊन गेले. जरा वेग घेतला, तर जीप हिवताप आल्यासारखी कापायला लागली. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. ती पाच मिनिटांत उतरली आणि म्हणाली, "आता मी बिल्कुल नाही बसणार. विकून टाक."

महिनाअखेरीला भंगारवाला यायचा होता. काकांना हे कळलं आणि ते चप्पल न घालताच आमच्या दारात आले. "इंजिन नाही बघितलं, काही नाही, आणि थेट भंगार? वा रे वा!" दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जीपखाली झोपून त्यांनी निकाल दिला, की इंजिन ठणठणीत आहे, पण टेबलावर ठेवावं तसं सपाट बसवलंय. त्याची शेपटी साडेतीन अंश खाली हवी. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जो लांब दांडा जातो, त्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत, तर गाडी कापणारच. त्यांनी इंजिनाखालचे टेकू, म्हणजे माउंटिंग, कापले, जॅकवर शेपटी केसाकेसाने उतरवली, नट लोंबकळून स्थिर होईपर्यंत मलाही श्वास रोखायला लावला आणि वेल्डिंगचे नुसते टाके घातले. साडेतीन म्हणजे साडेतीन. मोठ्या मिनतवारीने आईला बसवलं. जीप कमी कापली, पण कापलीच. आई उतरली.

परतीच्या वाटेवर काका दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी सकाळीच त्यांनी बेल वाजवली. "चूक माझी. रिकाम्या गाडीचा कोन काढला मी. माणसं बसली की मागच्या स्प्रिंगच्या पाट्या दबतात, अन् सगळा हिशेब बदलतो. वहिनी, चला. तुम्ही बसल्याशिवाय कोन निघायचा नाही."

"माझं काय काम तिथे?" आई म्हणाली, पण निवडायची मेथी पिशवीत घालून निघाली.

मला टॉर्च धरायचा होता, म्हणून माझ्या सीटवर काकांनी पन्नास किलोचं आट्याचं पोतं बसवलं. मग माझ्याकडे एकवार नीट पाहिलं आणि त्यावर दहा किलो कांदे ठेवले. मागे स्वतःच्या नावाचं एक पोतं. पुढे, माझ्या पोत्याशेजारी, आई मेथी निवडत बसली. दोनदा ती पाय मोकळे करायला उठू लागली आणि दोन्ही वेळा जीपखालून आवाज आला, "वहिनी, बसा! तुम्ही उतरलात तर कोन बिघडतो!" बाबा गेल्यापासून आपल्यावाचून कुणाचं काही अडतं, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी ती खुदकन हसली आणि मेथी संपली तरी बसून राहिली.

संध्याकाळी काकांनी नव्या कोनावर पक्कं वेल्डिंग केलं आणि पोती उतरवून आम्ही निघालो. मी वेग घेतला. पहिलं वळण गेलं. "वहिनी, थरथर जाणवते का?" मागून काकांनी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मी वळून पाहिलं, तर आईची मान खांद्यावर कललेली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच खूण केली, थांबू नकोस. अंधार पडेपर्यंत मी त्या माळाला चकरा मारत राहिले. रडत होते, पण ब्रेक लावला नाही.

गेल्या दिवाळीनंतर काका गावी राहायला गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब आहे. अतिथिगृहातलं टेबल डुगडुगतं, मीही ते तसंच डुगडुगू देते. त्यांचे उपकार फोनवर बोलून दाखवायला गेले, तर ते ऐकूच येत नसल्याचं सोंग घेतात. मात्र दर रविवारी संध्याकाळी, आम्ही माळावर असताना, न चुकता फोन येतो आणि मी गाडी न थांबवता स्पीकर लावते.

"कोन काय म्हणतोय?"

मी शेजारच्या सीटकडे बघते आणि आवाज खाली आणते. "हळू बोला काका, झोपलीये."