तात्यांना आलेलं सोनं

आमच्या तात्यांना ईमेल आली की ते आधी पाठवणाऱ्याला फोन करायचे. "तूच धाडलंस ना? आनि तुला कुठून मिळालं?" या दोन प्रश्नांची उत्तरं पटल्याशिवाय सोबतची फाईल उघडत नसत. फोन करायला इंटरनेट बंद करावं लागे, कारण तार एकच. एवढं करण्यापेक्षा सरळ फोनवरच बोला की, असं काकी म्हणायची.

तात्या माझे चुलते, नायगावच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातले. सरकारी कारकुनीतून निवृत्त झाले तेव्हा दुबईला असलेल्या नरेशने, त्यांच्या मुलाने, त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. काम संपलं की तात्या फोनची तार काढून गुंडाळून ठेवत. मी हसले की म्हणायचे, "उघाडी सताड टाकून कोन झोपतं का?" उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीला ते उघडं राहिलं तर खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जळतं. तुमच्या त्या डब्यात कुठलं भात पिकतंय, असं मी त्यांना चिडवायचे.

पीक होतं. काकी गावच्या बोलीतली हळदीची गाणी म्हणायची, तिच्या आईकडून आलेली. खाऱ्या हवेने कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा तात्यांनी ती सगळी कॉम्प्युटरवर उतरवली. एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती तांदळाच्या डब्यात ठेवली, ओल लागू नये म्हणून. कॅसेटी पुढे वाजेनाशा झाल्या आणि मग काकीच गेली. नरेशला रजा मिळाली नाही, आईचं शेवटचं तोंडही त्याला बघता आलं नाही. फोनवर रडत त्याने एकच मागितलं, माझ्या हळदीला आईचाच आवाज लावा. तात्यांनी शब्द दिला.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा पहिला दसरा आला. आमच्या घरात पूजेला कुठलंच हत्यार अर्धवट मांडत नाहीत. कोयत्याला मूठ हवी, पंपाला पट्टा हवा. तात्यांनी डब्यातली डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली, फोनची तार जोडली, वर झेंडूचा हार घातला. इंटरनेट लावलं तेवढ्यात नरेशची मेल आली. त्याला कुणीतरी पाठवलेली आपट्याच्या पानांची शुभेच्छा त्याने तशीच पुढे धाडली होती. दसऱ्याचं सोनं कुणी दिलं तर त्याची उलटतपासणी करतात का? तात्यांनी त्या दिवशी फोन केला नाही, थेट फाईल उघडली.

पानं पडद्यावर झळकली आणि सगळं थिजलं. तात्यांनी तार खेचली तोवर उशीर झाला होता. गाण्यांची नावं जागच्या जागी होती, पण एकही वाजेना. डिस्कवरही तेच. विरारच्या दुरुस्तीवाल्याने व्हायरस शिरलाय म्हणत हात टेकले.

तात्यांनी आधी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका म्हणून. नरेशलाही केला, त्याची मशीन तपासून घ्यायला सांगितलं, गाणी गेल्याचं अक्षर बोलले नाहीत. फोन ठेवून त्यांनी तार काढून गुंडाळली. त्याला सांगत का नाही, असं मी विचारलं.

"आईला पोचवायला तो नव्हता," तात्या म्हणाले. "आता हे पन त्याच्या माथी मारू?"



नरेशच्या हळदीला मांडवात बायका बसल्या होत्या. अंगाला हळद लागली तसा तो म्हणाला, "बाबा, लावा ना आता." मशीन खराब झाली रे, सगळं गेलं, एवढंच तात्या म्हणाले. नरेश मान खाली घालून बसला. मग ज्या माणसाने जन्मात कधी सूर लावला नव्हता, ते तात्या बायकांमध्ये जाऊन बसले आणि काकीचं गाणं म्हणायला लागले. आवाज फाटलेला, चाल चुकलेली. दोन ओळी झाल्या आणि थांबले.

"पुढचं मला येत नाय रे बाळा. ती म्हनायची, मी नुसता ऐकायचो."

तात्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नरेश त्या दोन ओळी आपल्या मुलीला म्हणून दाखवतो आणि तिथेच थांबतो. पुढचं काय, असं ती दर वेळी विचारते.