चिकटपट्टीखालची नावं

माझी थोरली बहीण एका छोट्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात एकतीस वर्षं राबली. अभिलेखागार म्हणजे काय, तर चॅपलच्या जिन्याखालची एक खोली. चर्चनं काढलेलं कॉलेज पुढे विद्यापीठ झालं आणि दोघांचे जुने कागद हिच्या गळ्यात पडले. हजेरीपट, सभांची इतिवृत्तं, बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी वाळवी तर आवरू दे!"

फाटलेलं पान दिसलं की ताई त्याला पारदर्शक चिकटपट्टी लावायची. एक सुरकुती पडू द्यायची नाही. सगळे वाहवा करायचे, मीसुद्धा. यंदा बाहेरून एक तज्ज्ञ आला आणि त्यानं वह्या बघून डोक्याला हात लावला. पट्टीचा गोंद शाई खात होता. पट्ट्या लगेच काढल्या नाहीत तर खालचं काहीच उरणार नाही, आणि काढताना काही अक्षरं पट्टीबरोबरच जातील, असं तो म्हणाला. ताईच्या निवृत्तीला बारा दिवस उरले होते.

मग ती गोंद सुटावा म्हणून कोमट केलेलं पातं घेऊन बसायची आणि मी शेजारी टीपकागद धरून. दिवसाला जेमतेम चार पानं व्हायची. वह्या होत्या चाळीस. बारा दिवसांत हे उरकणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

मंगळवारी दफनाच्या वहीतली एक अख्खी ओळ पट्टीवर उचलून आली. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. ती ओळ कोणाची हे मलाही ठाऊक होतं. चॅपलचा म्हातारा सुतार दरवर्षी येऊन ती वाचायचा. त्याची मुलगी नऊ दिवस जगली. फोटो नाही, कबर रस्ता रुंद करताना गेली. तिचं नाव जगात फक्त इथंच लिहिलेलं होतं.

"तुला पाठ आहे ना? मग लिहून टाक," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"मग ते माझं अक्षर होईल रे. तेव्हाचं नाही."

गुरुवारी सुतार आला. मी थाप मारायच्या तयारीत होतो, पण ताईनं सरळ सांगून टाकलं, "मिस्त्री, माझ्या हातून नाव गेलं हो." आणि ढसाढसा रडली. मला तिचा राग आला, तज्ज्ञाचा आला, त्या मेल्या गोंदाचा तर फारच आला. म्हातारा कोऱ्या जागेवर बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"बाई, ती पट्टी तरी आहे का?"

होती. पिवळी पडलेली, वाकडी झालेली. उजेडात धरली की नावाची दोन अक्षरं दिसायची. इथून कपटाही बाहेर न्यायचा नाही हा नियम ताईचाच, त्यावरून ती कुलगुरूंशीही भांडली होती. तिनं पट्टी पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. यादीत 'सध्या कुठे' या रकान्यात लिहिलं, 'वडिलांकडे'.

तो गेल्यावर तिनं डोळे पुसले आणि पुढचं पान उघडलं. त्यावर अकरा पट्ट्या होत्या, प्रत्येकीखाली एक नाव. त्या अकरा जणांची चौकशी करायला कधीच कुणी आलं नव्हतं.