उकिडवं बसणं

लग्न होऊन मी दिघीहून थळच्या बाजूला आले, तेव्हा माझ्या सासूबाई पन्नाशीच्याही नव्हत्या. तरी सकाळी उठताना त्यांना भिंत धरावी लागायची. उठल्यावरही थोडा वेळ तशाच वाकून उभ्या राहायच्या, मग पहिलं पाऊल पडायचं. सून घरात आली आणि हिचे गुडघे दुखायला लागले, असं शेजारणी हसून म्हणायच्या. पहिलं वर्षभर मीही त्यांच्याबरोबर हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

मग एका सकाळी त्या माझ्यापुढे पाठमोऱ्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, अंबाडा घालून दे. मी त्यांचे हात हातात घेऊन पाहिले. बोटांची पेरं सुजून गाठीसारखी झाली होती, मूठ मिटत नव्हती. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाल्या, बोटं गेल्या पावसापासून. गुडघ्यांना दहा वर्षं झाली असतील. इतक्या सहज म्हणाल्या, जणू शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल सांगत होत्या.

दहा वर्षं घरात कुणाला दिसलं नव्हतं का? दिसत होतं. होड्या किनाऱ्याला लागल्या की दुपारपर्यंत त्या ओल्या जमिनीवर उकिडव्या बसून मासळी निवडायच्या, बोंबील साफ करायच्या. ते वाळत घालून झाले की डोक्यावर भरलेली पाटी घेऊन बाजार, बाजारातून आल्यावर विहीर, विहिरीवरून चूल. रात्री गारढोण जमिनीवर गोधडी. घरात खाट एकच होती आणि ती सासऱ्यांची. घरातले सगळे सासूबाईंना कामाची बाई म्हणून नावाजायचे. त्या नावाजण्याचा मला पुढे फार राग यायला लागला.

मी नवऱ्यामागे लकडा लावला, तेव्हा कुठे सासरे त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला तयार झाले. मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी सासूबाईंना एक शब्द विचारला नाही. कुठे दुखतं, कधी दुखतं, सगळं सासऱ्यांना विचारलं, आणि सासऱ्यांनी सांगितलं की वात आहे, वयाचं आहे. डॉक्टरांनी मान डोलावून औषधाची बाटली लिहून दिली आणि आता बसून राहा म्हणून सांगितलं. बसून राहा! त्या बसूनच तर मोडल्या होत्या.

बाहेर औषध देणाऱ्या नर्सबाई वयस्क होत्या. सासूबाई बाकावरून कशा उठल्या ते त्यांनी पाहिलं आणि आम्हाला थांबवलं. दिवसभर कशा बसता, करून दाखवा, म्हणाल्या. सासूबाई लाजल्या, पण भिंतीला धरून तिथेच उकिडव्या बसल्या. मग नर्सबाईंनी एकेक गोष्ट विचारली. पाटी किती जड, झोपता कुठे, सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात. शेवटी म्हणाल्या, "हे दुखणं पुरतं जायचं नाही, पण बरंच हलकं होईल. दुखतं म्हणून हालचाल बंद करू नका, आणि हलता येतं म्हणून मरेस्तोवर ओझंही वाहू नका."

काम उंचावर ठेवून करा, खाली बसू नका. पाटी अर्धी करा, वाटल्यास दोन खेपा घाला. सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून बोटं हळूहळू उघडमीट करा. ओझ्याशिवाय रोज थोडं चाला. जमिनीवर झोपू नका. त्यांनी सांगितलं ते एवढंच. यातल्या कशालाही औषधाचं दुकान लागत नव्हतं.

घरी येऊन मी सासऱ्यांकडे होडीची एक जुनी फळी मागितली. दोन पिंपांवर टाकली असती तर मासळी साफ करायला उंच जागा झाली असती. सासरे म्हणाले, फळ्या होडीसाठी आहेत. बायका साहेबासारख्या टेबलावर मासळी सोलायला लागल्या तर गाव हसेल. माझा नवरा तिथेच जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या बाहेर आल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या,

"होडीची फळी कुजली तर तुमी दुसऱ्या दिवसाची वाट बघत न्हाय. माजं गुडघं दहा वर्सं कुजतायत. मी होडीपरीस हलकी हाय काय?"

त्या अंगणात गेल्या आणि फळीचं एक टोक उचलू लागल्या. बोटांत धरवेना. मी दुसरं टोक धरलं. तेव्हा मात्र माझा नवरा उठला. त्यानं फळी उचलली, तासली आणि पिंपांवर बसवली. पुढच्या आठवड्यात त्यानं आईसाठी खाटही विणली. तो आधी का उठला नाही, हे मी त्याला पुढे कितीदा तरी विचारलं.

सासूबाई रोज सकाळी ओहोटीच्या घट्ट वाळूवरून चालायला लागल्या. रिकाम्या हातानं चाललेली बाई गावानं कधी पाहिली नव्हती. पुरुष विचारायचे, काय हरवलं काय? त्या चालत राहायच्या. पावसाळ्यात दुखणं पुन्हा उचल खायचं, काही दिवस अगदी वाईट जायचे. पण वर्षभरात भिंत सुटली, मूठ पाऊण मिटू लागली, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ती आठी म्हणजे स्वभाव आहे, असं मी समजत होते.

लोक विचारायला यायला लागले. सासरे ओटीवर बसून सांगायचे, माणगावच्या बाजारातल्या तेलानं गुण आला. ते तेल माझ्या भावानं आणलं होतं हे खरं, पण बाटली अर्धीही संपली नव्हती. मी आतून ऐकायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूबाई मला गप्प करायच्या. म्हणायच्या, सांगू दे, खाट तर आपल्याकडं आली ना.

पण ते सांगणं भोवलं. दोन घरं सोडून एक बाई होती, सासूबाईंच्याच वयाची, तसेच गुडघे. तिच्या घरच्यांनी तेलाच्या बाटल्यांवर बाटल्या आणल्या आणि तिला पुन्हा ओल्या जमिनीवर उकिडवं बसवलं. दोन-तीन वर्षांत ती अंगणातून घरात सरपटत जायला लागली. मी तिच्या मोठ्या मुलाला तोंडावर सांगितलं की तेल पुरे, आईला बसायला उंच जागा दे. तो म्हणाला, "तुमच्यात चालत असंल वयनी. आमच्यात बायका असल्या मागण्या करत न्हायत."

ती बाई दारातच बसली होती. तिनं हे ऐकलं आणि मान खाली घालून पुढ्यातला बोंबील उचलला.